मोठी प्रिंट फाटते: लहान फाइलमधून भिंतीवरचा फोटो करताना नेमकं कुठे बिघडतं

"गो बाय, ह्यो फोटो मोठो करून दी. भिंतीर लावूचो आसा."

देवगडात माझं फोटो प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. मे महिन्यात आणि चतुर्थीच्या आधीच्या पंधरा दिवसांत हे वाक्य मी रोज ऐकते. फोन पुढे येतो. फोनवर फोटो झकास दिसत असतो. तोच बारा बाय अठरावर छापला की चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा गुळगुळीत, डोळ्यांच्या कडा उडालेल्या आणि मागच्या माडाच्या झावळ्यांना चौकोनी दातरे. आमच्या धंद्यात याला "फोटो फाटला" म्हणतात. गिऱ्हाईक म्हणतं, जुना कॅमेरा होता, त्याला काय होणार? मी इतकी वर्षं फाटलेले फोटो बघतेय. त्यांतल्या बहुतेकांत कॅमेऱ्याने आपलं काम नीट केलेलं होतं. फोटो फाटला तो कॅमेऱ्यातून निघून दुकानात पोचेपर्यंतच्या वाटेवर. म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करायची, सॉफ्टवेअरपासून नाही.

आधी पिक्सेल मोजा

फाइलच्या माहितीत दोन आकडे असतात, रुंदी आणि उंची. दोन्ही पिक्सेलमध्ये, म्हणजे फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो त्यांत. किती एमबीची फाइल आहे हे पहिल्यांदा बघू नका, हे दोन आकडे बघा. २००४-०५ च्या सुमारास घरोघरी आलेले छोटे डिजिटल कॅमेरे साधारण २०४८×१५३६ पिक्सेलचा फोटो देत, म्हणजे ३ मेगापिक्सेल, साधारण तीस लाख ठिपके. ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर २५९२×१९४४. त्या काळात पहिला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, घेतलेल्या हौशी माणसाकडे ६ मेगापिक्सेल, म्हणजे ३००० × २००० च्या आसपास.

आता ही रुंदी प्रिंटच्या इंचांनी भागा. २०४८ पिक्सेलचा फोटो १२×१६ वर छापला तर लांब बाजूला एका इंचात १२८ पिक्सेल येतात. ६ मेगापिक्सेलचा १२×१८ वर छापला तर १६७. हातात धरून बघायच्या प्रिंटला लॅब ३०० मागते. १२८ हा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी, तरी त्यातून भिंतीवर लावण्याजोगी प्रिंट निघते. ती कशी ते पुढे सांगते. दुकानात मात्र जी फाइल येते ती २०४८ ची नसतेच. ती निघते १०८०×८१० ची.

हा १०८० कुठून आला?

हा आकडा दिसला की मला फोटोची अख्खी हकिकत कळते. कोणीतरी मुंबईहून व्हॉट्सॲपवर पाठवला, कोणीतरी स्टेटसला ठेवला, आणि तो आवडला म्हणून तिसऱ्याने स्क्रीनशॉट मारला. फोन उभा धरलेला, स्क्रीनची रुंदी १०८० पिक्सेल, आडवा फोटो त्या रुंदीत बसला आणि ३ मेगापिक्सेलचा फोटो पाऊण-एक मेगापिक्सेलवर आला. स्क्रीनशॉट मारलाच नसेल तरी व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास आणून ठेवतं आणि वर जेपेग (फोटोची नेहमीची फाइल) दाबून लहान करतं. २०२३ पासून एचडीचा पर्याय आला, त्याने फरक पडतो. पण प्रिंटसाठी फोटो पाठवायचा असेल तर तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. त्यात एक पिक्सेलही बदलत नाही.

तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मूळ फाइल कोणाकडे आहे? "नाय गो, ह्योच आसा" असं उत्तर येतं आणि दहातल्या चार-पाच वेळा ते चुकीचं निघतं. मूळ फाइल घरातच कुठेतरी पडलेली असते. शोकेसमधल्या लग्नाच्या सीडीत. बंद पडलेल्या कॅमेऱ्यात राहून गेलेल्या कार्डात. मुंबईच्या भावाच्या जुन्या ईमेलला जोडलेली. पिकासावर, म्हणजे गूगलच्या जुन्या फोटो-सेवेवर, अल्बम केलेला असेल तर २०१६ मध्ये पिकासा बंद झाल्यावर ते अल्बम गूगल फोटोजमध्ये गेले आहेत, त्याच जुन्या खात्याने आत शिरून बघा. गूगल फोटोजच्या जागा वाचवणाऱ्या पर्यायातही १६ मेगापिक्सेलपर्यंतच्या फोटोची लांबी-रुंदी कमी होत नाही, त्यामुळे ३ किंवा ५ मेगापिक्सेलचा फोटो तिथे बऱ्यापैकी शाबूत सापडतो.

जुन्या ऑलिंपस आणि फुजीफिल्म कॅमेऱ्यांत एक्सडी नावाचं बारकं कार्ड असायचं, त्याचा रीडर आता सहसा मिळत नाही. कॅमेऱ्याचीच केबल शोधा. पुष्कळ कॅमेऱ्यांना जुनी मिनी यूएसबी चालते. बॅटरी फुगली असेल तर मात्र ती चार्जिंगला लावू नका, दुसरी मिळवा. फोटो कार्डातून चुकून पुसले गेले असतील तर त्या कार्डावर नवं काहीच काढू नका आणि फोटोरेक हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवून बघा. सीडीला आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीची जाळी धरते. ती मऊ सुती कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल फिरवून नाही, आणि एका ड्राइव्हने नाही वाचली तर दुसऱ्यात घालून बघायची.

फोटो मुळात कागदावरचा असेल तर फोनने पुन्हा फोटो काढून पाठवू नका, अल्बमच घेऊन या. पोस्टकार्ड साइझची (४×६ इंच) जुनी प्रिंट इंचाला ६०० पिक्सेलवर स्कॅन केली की २४००×३६०० पिक्सेल हातात येतात. निगेटिव्ह असेल तर सोन्याहून पिवळं. ३५ एमएमच्या एका चौकटीतून २४०० वर स्कॅन करून साडेसात मेगापिक्सेलच्या आसपास मिळतात, आणि ते माहितीने भरलेले असतात, फुगवलेले नसतात.

या शोधाला दोन दिवस लागले तरी लावा. पुढचं सगळं कसब मिळूनही मूळ फाइलची बरोबरी करत नाही.

"७२ चं ३०० करून आणलंय"

हे घेऊन येणारे पुष्कळ भेटतात, म्हणून त्याचा उलगडा. कुठेतरी वाचलेलं असतं की प्रिंटला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, लागतात. फाइलच्या माहितीत ७२ दिसतं. मग घाबरून कोणीतरी तिथे ३०० लिहितो. तो आकडा म्हणजे फक्त पाकिटावरची चिठ्ठी आहे, फोटो कागदावर किती पसरायचा याची सूचना. २०४८ पिक्सेल त्याने २०४८ च राहतात. पण याच खिडकीत "रीसॅम्पल"ची खूण चालू राहिली असेल तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल स्वतःच्या अंदाजाने भरतं, फाइल फुगते, आणि ती पुन्हा जेपेग म्हणून साठवली की आधीचे डागही मोठे होऊन पक्के बसतात. फुगवलेली फाइल आणली तर मी ती बाजूला ठेवते आणि आधीची मागते. तुमच्या दुकानदारालाही न फुगवलेलीच फाइल द्या.

प्रिंटरच्या जाहिरातीत २८८० डीपीआय वगैरे लिहिलेलं असतं, ते शाईच्या थेंबांचं मोजमाप. एक पिक्सेल रंगवायला प्रिंटर असे कितीतरी थेंब टाकतो. त्याचा आणि तुमच्या फाइलचा हिशेब एकमेकांत मिसळू नका.

बघणारा कुठे उभा राहणार?

कुणकेश्वरच्या एका होमस्टेवाल्या दादांची गोष्ट सांगते, कारण त्यात सगळा हिशेब आहे. त्यांच्याकडे विजयदुर्गाचा फोटो होता, वाघोटनच्या खाडीतून होडीत बसून काढलेला. २००५ चा, ३ मेगापिक्सेलचा. ढग उतरलेले, तटबंदी ओली होऊन काळी झालेली. त्यांना तो पुढच्या खोलीत दोन फूट बाय तीन फूट हवा होता. एका ठिकाणी त्यांना "होणारच नाही" असं सांगितलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी काही न विचारता छापून दिला होता, तो फाटलेला.

मी विचारलं, भिंतीसमोर काय आहे? ते म्हणाले, लांब बाक आहे, त्याच्यापुढे टेबल. म्हणजे माणूस सहा फुटांच्या आत येणारच नाही.

चांगल्या नजरेच्या माणसाला कोनाच्या एका मिनिटाइतका, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक फरक दिसतो. त्यावरून सोपा हिशेब निघतो: ३४०० ला अंतराच्या इंचांनी भागा, येईल तेवढे पिक्सेल एका इंचात पुरतात. हातातल्या प्रिंटला, म्हणजे १२ इंचांवरून, २८३. तीन फुटांवरून ९४. सहा फुटांवरून ४७. रस्त्यापलीकडून बघायच्या जत्रेच्या फ्लेक्सला तर याहून कितीतरी कमी. म्हणूनच दशावताराच्या बॅनरवरचा संकासूर लांबून रुबाबदार दिसतो आणि जवळ गेलं की त्याचे ठिपके मोजता येतात.

दादांचा फोटो चाराला तीन या प्रमाणातला होता, म्हणून २४×३६ ऐवजी २४×३२ ठरवलं, नाहीतर तटाचा खालचा भाग किंवा वरचे ढग कापावे लागले असते. २०४८ भागिले ३२, म्हणजे इंचाला ६४ पिक्सेल. सहा फुटांवरून लागतात ४७. झालं काम. मग दुसऱ्या ठिकाणी तो फाटला कसा? तिथे फाइल तशीच छापली होती, आणि ६४ चे चौकोन प्रिंटवर उघडे पडले होते. सहा फुटांवरून ते दिसले नसते, पण दुकानात प्रिंट हातात घेऊन बघतात. शिवाय माणूस फोटोजवळ जातोच. तेव्हा जवळ गेल्यावर चौकोन न दिसता नुसता मऊपणा दिसावा, एवढ्यासाठी फाइल रीतीने मोठी करायची असते. नवा तपशील त्यातून येत नाही. हे मी दादांना आधीच सांगितलं: लांबून किल्ला कडक दिसेल, नाक लावून बघाल तर मऊ दिसेल. ते म्हणाले, "नाक लावूक कोण येतला?"

उलट ज्या भिंतीजवळून जाताना खांदा लागतो, अशा अरुंद पडवीत किंवा जिन्यात तोच फोटो १०×१२ च्या वर नेऊ नका.

फाटण्याचे प्रकार ओळखा

उपाय वेगवेगळे असतात म्हणून फोटो संगणकावर शंभर टक्क्यांवर उघडून दोन मिनिटं बघा.

आठ-आठ पिक्सेलचे चौकोन, कडांभोवती डासांसारखे ठिपके: हा जेपेगचा मार. जेपेग फोटोचे ८×८ चे तुकडे करून प्रत्येकातली बारीक माहिती टाकून देतं. आभाळात आणि गालावर ते आधी दिसतं.

सगळीकडे लाल-निळे शिंतोडे: अंधारात छोट्या सेन्सरने (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीने) काढलेला फोटो. पालखीचे, गोंधळाचे, रात्रीच्या नाटकाचे फोटो हमखास असे.

एका दिशेने ओढलेल्या कडा: हात हलला. याला पिक्सेलांची कमतरता म्हणू नका, कितीही मोठा सेन्सर असता तरी हेच झालं असतं. असा फोटो मोठा केला की हललेला हातही मोठा होतो. साइझ लहान ठेवणं हाच उपाय.

सगळा फोटो दुधाळ, काळं कुठेच काळं नाही: पुष्कळदा लेन्सवर खाऱ्या वाऱ्याचा थर असतो किंवा आत बुरशी धरलेली असते. हा प्रकार आपल्या किनाऱ्यावर जास्त, आणि तो सगळ्यांत आनंदाने दुरुस्त होतो. सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्स या उजेड-काळोख ठरवायच्या सोयीत काळं टोक आत ओढलं की फोटो न फुगवताही दुप्पट कडक वाटतो. डोळ्याला धार वाटते ती बरीचशी उजेड-काळोखाच्या फरकामुळे.

विषयावरही बरंच अवलंबून असतं. समुद्र, धुकं, ओली वाळू, ढगांखालचा किल्ला असले फोटो मोठे होताना कुरकुर करत नाहीत. माडाच्या झावळ्या, रापणीचं जाळं, जांभ्याच्या चिऱ्याची भोकं, मंगलोरी कौलांच्या रांगा आणि जत्रेची गर्दी हे लगेच उघडं पाडतात. छोट्या कॅमेऱ्याने त्यातला तपशील पकडलेलाच नसतो. सेन्सरचा एक पिक्सेल एकच रंग मोजतो, लाल, हिरवा किंवा निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्यामुळे ३ मेगापिक्सेलच्या फोटोत खरा बारकावा ३ मेगापिक्सेलहून कमीच असतो.

मोठं करण्याची रीत

जुन्या डीएसएलआरची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने जेपेग न करता ठेवलेली कच्ची फाइल, सापडली तर जेपेगला हात लावू नका. तीच रॉ आजच्या डार्कटेबल, रॉथेरपी किंवा लाइटरूममधून पुन्हा काढा. त्या वेळच्या कॅमेऱ्याने घाईत केलेल्या जेपेगपेक्षा स्वच्छ निघते. अडोबीने २०२१ मध्ये आणलेली सुपर रेझोल्यूशन ही सोय लांबी-रुंदी दुप्पट करते, म्हणजे ६ मेगापिक्सेलचे २४. निसर्गाच्या फोटोला तिने मला चांगला हात दिला आहे.

नुसतं जेपेग असेल तर माझा क्रम असा. फाइल उघडली की पहिल्यांदा ती टिफ म्हणून, किंवा गिम्प, फोटोशॉपच्या स्वतःच्या प्रकारात साठवायची. प्रत्येक वेळी जेपेग साठवलं की थोडं गळतं. फाइल १६ बिटवर नेते, म्हणजे रंगांच्या पायऱ्या जास्त बारीक होतात. मूळ ८ बिटचीच असते, तरी उजेड-रंगाची ओढाताण करताना संध्याकाळच्या आभाळात पट्टे पडण्याचं प्रमाण कमी होतं. मग रंगाचे शिंतोडे काढते, जवळजवळ सगळे. काळ्या-पांढऱ्या दाण्याला मात्र थोडकाच हात लावते, कारण कातडीचा, वाळूचा पोत त्यातच असतो. जेपेगचे चौकोन घालवते. उजेड आणि रंग ठरवते.

मगच मोठं करायचं. गिम्पमध्ये क्युबिक किंवा नोहेलो, फोटोशॉपमध्ये प्रिझर्व्ह डिटेल्सचा दुसरा अवतार. एकाच उडीत न्यायचं. दहा-दहा टक्क्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी मोठं करायची एक जुनी युक्ती अजून सांगितली जाते. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा फायदा नाही आणि कडांना पांढरी किनार धरते. विजयदुर्गाची फाइल मी २०० पिक्सेल प्रति इंचावर नेली, लांब बाजू ६४०० पिक्सेल. ३०० वर नेऊन काही मिळालं नसतं.

धार सगळ्यात शेवटी, छापायच्या साइझवर. अनशार्प मास्क या धार लावायच्या सोयीत त्रिज्या एक ते दोन पिक्सेल, प्रमाण शंभराच्या आसपास, आणि आभाळ वगळून. कागद धार खातो, म्हणून स्क्रीनवर किंचित जास्त वाटेल इतकी ठेवा. त्यानंतर एक काम बहुतेक जण सोडून देतात: संपूर्ण फोटोवर अगदी बारीक, बिनरंगी दाणा पसरायचा. मोठ्या केलेल्या फोटोत मेणासारखा जो गुळगुळीतपणा येतो तो दाण्याने मोडतो आणि डोळ्याला काहीतरी पोत सापडतो. मला स्वतःला कुठल्याही महाग सॉफ्टवेअरपेक्षा या एका पायरीने जास्त फरक पडताना दिसला आहे.

एआय आणि घरच्यांचे चेहरे

आता सगळ्यांना हाच उपाय माहीत आहे. अपस्केल नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, विकतची आहेत, फोनमधली ॲप आहेत. मी वापरते. किल्ल्याच्या तटाला, खडकाला, लाकडाला ते छान चालतं. पण ते काय करतं ते समजून घ्या: लाखो फोटो पाहून शिकलेलं असतं, त्यावरून "इथे बहुतेक असं असेल" म्हणून नवा तपशील रंगवतं. होडीच्या नाळेवर देवाचं नाव देवनागरीत रंगवलेलं असतं, त्याचं ते अक्षरासारखं दिसणारं पण कुठलंच अक्षर नसलेलं काहीतरी करतं. जाळ्याची वीण एका सुरात छापील करतं.

चेहऱ्याच्या बाबतीत हा धोका फार गंभीर आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेल्या अशाच एका साधनाला बराक ओबामांचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो दिला गेला, तर बाहेर आला एका गोऱ्या माणसाचा स्पष्ट, नितळ चेहरा. स्पष्ट होता, पण त्यांचा नव्हता.

माझ्याकडून असंच झालं आहे. वर्षश्राद्धासाठी एका आजींचा फोटो मोठा करायचा होता. लग्नातल्या गटफोटोत त्या मागच्या रांगेत, चेहरा जेमतेम ७० पिक्सेल रुंद. मी एआयने मोठा केला. पापण्या आल्या, ओठांची कड आली, आणि मला तो सुंदर वाटला. त्यांच्या मुलाने प्रिंट हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि हळूच म्हणाले, "आमच्या आवशीचे डोळे हे न्हयत." मी पैसे परत केले, पण त्या घरात श्राद्धाच्या दिवशी फोटोच नव्हता, ते मला अजून लागून राहिलं आहे.

तेव्हापासून चेहऱ्याला माझी पद्धत वेगळी आहे. साधी मोठी केलेली फाइल आणि एआयची फाइल एकावर एक ठेवते. कपडे, पार्श्वभूमी, दागिने एआयचे घेते. डोळे, नाक, ओठ यांच्यावर साधी फाइल वर आणते आणि एआय फार तर पाव हिस्सा मिसळते. मग घरच्या दोन माणसांना, शक्यतो एक वयस्क माणूस धरून, स्क्रीनवर दाखवते. ते ओळखतील तरच छापते.

आणि चेहरा ७० पिक्सेलचाच असेल तर ८×१० करायचाच नाही. त्या साइझला चेहरा चार इंच रुंद होतो, म्हणजे इंचाला १७-१८ पिक्सेल. त्यातून माणूस परत येत नाही. त्यापेक्षा त्या आजी, त्यांच्या शेजारची सून, खांद्यावरचं पोर, एवढा भाग ४×६ मध्ये घ्या आणि भोवती तीन-तीन इंचांचा पांढरा माउंट देऊन मोठ्या चौकटीत बसवा. भिंतीवर चौकट मोठी दिसते, फोटो फाटत नाही, आणि चेहरा त्यांचाच राहतो.

विषय जागेवर असेल तर परत जा

विजयदुर्ग कुठे जात नाही. देऊळ, घर, कलमांची बाग, खाडीचा पूल यांचं तसंच. त्याच छोट्या कॅमेऱ्याने उभे आठ-दहा फोटो काढा, प्रत्येकात आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा येईल असे, उजेड आणि फोकस मध्ये न बदलता. हगिन हे फुकटचं सॉफ्टवेअर ते जोडून देतं आणि ३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून सहज १२-१५ मेगापिक्सेलची खरी फाइल निघते. जेटीवर घट्ट उभे राहून काढा, होडीतून हे जमत नाही. लाटा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या होड्या जोडावर दुभंगतात, तेव्हा होडी पूर्ण एका फोटोत येईल असं बघा.

आधी तुकडा छापा

२४×३२ ची फाइल तयार झाली की त्यातला ४×६ इंचांचा तुकडा, त्याच मापाचा, न लहान करता कापून छापा. एक तुकडा डोळ्यांचा किंवा तटाचा, एक झावळ्यांचा. भिंतीवर चिकटवा आणि बाकावर जाऊन बसा. मोठी प्रिंट आम्ही कोल्हापूरच्या लॅबला पाठवतो, तिचे पैसे आणि चार दिवस यापुढे या दोन तुकड्यांचा खर्च काहीच नाही. प्रिंट फोनपेक्षा काळोखी येते हेही याच तुकड्यात कळतं. फोनची स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद नाही. मी मधला उजेड थोडा वर उचलते. फाइल एसआरजीबी (फोन-संगणकाच्या नेहमीच्या) रंगात द्या, नाहीतर कातडीचे रंग उतरतात.

कागद आणि आपली ओल

कमी पिक्सेलच्या फोटोला चकचकीत कागद घेऊ नका, तो सगळं दाखवतो. मॅट किंवा सिल्क घ्या. कॅनव्हासच्या विणीत मऊपणा सर्वांत छान लपतो, पण जांभ्याच्या भिंतीवर जून ते सप्टेंबर कॅनव्हास ढिला पडतो आणि मागून काळे ठिपके धरतो. समुद्राजवळच्या घराला मी मॅट कागद, वर मॅट लॅमिनेशन असंच सुचवते. सनबोर्डवर (फेसाच्या हलक्या पत्र्यावर) चिकटवलेला मोठा फोटो पश्चिमेच्या उन्हात वाकतो, त्याला मागून लाकडी पट्ट्या मारून घ्या.

काच फोटोला टेकू देऊ नका. दमट हवेत फोटोचा वरचा थर काचेला चिकटतो आणि काढताना सोलून येतो. जुन्या फोटोंचं असं झालेलं मी इतक्या घरांत पाहिलं आहे. मध्ये माउंटची जाडी हवीच. चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यात अर्धा इंच हवा खेळेल. पावसाला तोंड करून असलेल्या भिंतीवर तर लावूच नका, आतल्या भिंतीवर लावा. लॅबमधून प्रिंट गुंडाळी होऊन पावसाळ्यात आली तर आल्या आल्या चौकटीत कोंबू नका. उलगडून, वर वही-पुस्तकांचं हलकं वजन ठेवून, दोन दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली राहू द्या आणि मग बसवा.